दाखला नव्हे, उपचार!

नागपूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात यथातथाच, पण प्रयोगशाळेत त्याचा हात चांगला चाले. बुन्सेन ज्योत नेमकी निळी कशी करायची, हे तो इतरांना दाखवी. एके दिवशी मधल्या सुटीत तो शाळेच्या मागच्या भिंतीशी सापडला. हातात रुमालाचा बोळा होता आणि त्याला सायकलचे पंक्चर जोडण्याच्या सोल्युशनचा उग्र वास येत होता. दप्तरात त्याच सोल्युशनच्या तीन ट्यूबा निघाल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांची सभा भरली. एक सडके संत्रे सगळी पेटी नासवते, असे कोणीतरी म्हणाले आणि दहा मिनिटांत निर्णय झाला. मुलाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा. त्या सभेत मीही होतो. सोल्युशनमध्ये टोल्युइन असते आणि ते मेंदूवर काय करते, हे ठाऊक असलेला बहुधा मी एकटाच होतो. पण मी बोललो नाही.

दाखला न्यायला त्याची आई आली होती. कागद हातात घेऊन तिने एकच प्रश्न विचारला, "सर, आता याला कुठं नेऊ?" आमच्यापैकी एकाकडेही त्याचे उत्तर नव्हते.

आज हा लेख लिहितो आहे तो त्या प्रश्नासाठी. माझे मत आधीच सांगून टाकतो. अमली पदार्थांच्या किंवा औषधांच्या नादी लागलेल्या विद्यार्थ्याला शाळेतून काढणे हा उपाय नव्हे. तो अन्याय तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते विज्ञानाला धरून नाही. हे मत तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून स्वीकारू नका. त्यामागची कारणे पाहा, तपासा आणि मग ठरवा.

औषध कोणते, विष कोणते?

'ड्रग्ज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी गल्ली, तोंड झाकलेला विक्रेता आणि पांढऱ्या भुकटीची पुडी येते. औषध म्हटले की डॉक्टर, पांढरा कोट आणि बरे होणे. या दोन चित्रांमध्ये आपण पक्की भिंत घालून ठेवली आहे. रसायनशास्त्राला ही भिंत मान्य नाही.

अफूच्या बोंडाला चिरा दिल्या की त्यातून चीक पाझरतो. हा चीक वाळला की अफू होते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, तसेच राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत सरकारी परवान्याने तिची शेती होते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यापासून औषधी द्रव्ये काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सेर्टुर्नर याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मॉर्फिन आजही वरदान आहे. 1832 साली रोबिके या फ्रेंच शास्त्रज्ञाने अफूतूनच कोडीन काढले. ते खोकल्याच्या काही औषधांत असते. 1874 साली लंडनमध्ये राइट याने मॉर्फिनमध्ये थोडा रासायनिक बदल करून एक नवे संयुग बनवले. 1898 साली ते बाजारात आले, आणि कशासाठी माहीत आहे? खोकल्याचे औषध म्हणून! त्याचे नाव होते हेरॉइन. आपल्याकडे ज्याला 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' म्हणतात, ते याच हेरॉइनचे अशुद्ध रूप.

फार लांब जायला नको. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला 'बाळागोळी' देत. तिच्यात अफू असे. आई पाळीवर असेपर्यंत मूल गुंगीत पडून राही. त्या आया काही दुष्ट नव्हत्या. घरी मूल सांभाळायला कोणी नव्हते आणि पाळी चुकवली तर मजुरी बुडत होती. गोळी बाळाचे रडणे थांबवी, पण त्यामागची गरज तशीच राही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला तिची आठवण होणार आहे.

मँड्रॅक्सची कथाही अशीच आहे. 1951 साली भारतातच कक्कर आणि झहीर हे शास्त्रज्ञ मलेरियावरील औषधाच्या शोधात होते. त्यांनी तयार केलेले मेथाक्वालोन मलेरियावर नव्हे, तर झोपेचे औषध म्हणून जगभर गेले. मग त्याचा इतका दुरुपयोग झाला की ते बंद करावे लागले. पदार्थाच्या रेणूवर 'चांगला' किंवा 'वाईट' अशी चिठ्ठी नसते. तो कोणी, किती, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतला, यावर सारे अवलंबून असते.

महाराष्ट्रात काय चालले आहे?

मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने काही विकले जाते. हे काही कुठले अद्‌भुत रसायन नव्हे. ती अल्प्राझोलामची गोळी आहे. चिंता आणि भीती यांच्या विकारावर डॉक्टर ती मोजक्या दिवसांसाठी लिहून देतात. छत्रपती संभाजीनगरकडे अशाच गुंगीच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध बाटलीच्या बाटलीने पिणारी मुले अनेक शहरांत आहेत. ट्रामाडॉल या वेदनाशामकाचा दुरुपयोग इतका वाढला की 2018 साली केंद्र सरकारला ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले.

दुसरीकडे कारखान्यात बनणारी द्रव्ये आहेत. मेफेड्रोन, म्हणजे बातम्यांतले 'एमडी', हे 1929 सालीच प्रयोगशाळेत तयार झाले होते. पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते पुन्हा वर आले. आपल्याकडे 2015 साली त्यावर बंदी आली. तरीही फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांशिवाय असा कारखाना चालत नाही, ही आम्हा विज्ञान शिक्षकांनी मान खाली घालावी अशी गोष्ट आहे.

आणि आपले नागपूर? देशाच्या चारही दिशांचे लोहमार्ग आणि महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. संत्र्यांच्या व्यापाराला जी सोय, तीच गांजाच्या वाहतुकीलाही. पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये नागपूर स्थानकावर गांजा पकडल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतोच. पण रेल्वेच्या डब्यातल्या गांजापेक्षा मला कोपऱ्यावरच्या पानठेल्याची अधिक काळजी वाटते. तेथे प्लॅस्टिकच्या कागदात घोटून मिळणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, ही आपल्याकडच्या कितीतरी मुलांची पहिली ओळख असते. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली. खर्रा मात्र हाताने घोटला जातो आणि हातोहात जातो. वडील मुलालाच तो आणायला पाठवतात. मग मुलाने वडिलांचे अनुकरण केले की आपण चकित होतो!

आता काही आकडे पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. 10 ते 75 वर्षे वयाच्या लोकांपैकी 2.06 टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेत होते. त्यांत हेरॉइन घेणारे 1.14 टक्के, तर वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे यांसारखी दुकानी औषधे घेणारे 0.96 टक्के. म्हणजे गल्लीतला गर्द आणि दुकानातले औषध जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत! गुंगीच्या व झोपेच्या औषधांचा वापर 1.08 टक्के लोकांत आढळला.

त्याच अहवालातील एक आकडा मला सर्वांत अस्वस्थ करतो. सोल्युशन, व्हाइटनर, थिनर अशा हुंगण्याच्या द्रव्यांचा वापर प्रौढांत 0.58 टक्के, तर मुलांत व किशोरांत 1.17 टक्के होता. मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त असलेला हा एकच प्रकार आहे. कारण उघड आहे. या वस्तू स्वस्त आहेत, कायदेशीर आहेत आणि कोणत्याही दुकानात मिळतात.

शरीराचा तराजू

व्यसन लागते म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांना वाटते, मन दुबळे असते. आपण मनाकडे नंतर येऊ. आधी मेंदूकडे पाहू.

1973 साली पर्ट आणि स्नायडर यांनी दाखवले की मेंदूतील पेशींवर अफूजन्य द्रव्ये बसण्याच्या खास जागा असतात. कुलपात किल्ली बसावी तशी. मग प्रश्न पडला की अफूच्या किल्लीसाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत कुलूप का ठेवावे? दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे ह्यूझ आणि कॉस्टरलिट्झ यांनी उत्तर शोधले. मेंदू स्वतःच अशी द्रव्ये तयार करतो. जखम झाली, धाप लागली, की ती पाझरतात आणि वेदना सुसह्य करतात. अफू ही त्या कुलपाला लागणारी बनावट किल्ली आहे.

आता एक तराजू डोळ्यांसमोर आणा. शरीराला त्याची दोन्ही पारडी समतोल हवी असतात. बाहेरून आलेले औषध एका पारड्यात वजन टाकते. रोज टाकले, तर शरीर समतोल राखण्यासाठी दुसऱ्या पारड्यात हळूहळू उलटे वजन ठेवू लागते. म्हणून तेवढ्याच गोळीने पूर्वीसारखे वाटत नाही, मात्रा वाढवावी लागते. आणि एके दिवशी औषध मिळाले नाही की काय होईल? शरीराने ठेवलेले उलटे वजन तसेच राहते आणि ते पारडे धाडकन खाली जाते.

म्हणूनच व्यसन सोडताना होणारा त्रास हा औषधाच्या परिणामाच्या बरोबर उलटा असतो. अफूजन्य द्रव्यांनी बद्धकोष्ठ होते, ती सुटताना जुलाब होतात. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, सुटताना त्या मोठ्या होतात. झोपेच्या गोळ्यांनी शांत झोप लागते, त्या एकदम थांबवल्या तर झोप उडते, हातपाय कापतात आणि काही वेळा फेफऱ्यासारखे झटकेही येतात. "मनावर घे आणि आजच सोड," असे सांगणारे कुटुंब त्या माणसाला धोक्यात घालत असते. अशी गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते.

तराजूचे आणखी एक सत्य जीव वाचवणारे आहे. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीर उलटे वजन काढून घेते. त्यानंतर जुनीच मात्रा घेतली तर ती झेपत नाही. अफूजन्य द्रव्ये मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र मंदावतात. त्यांच्या जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर श्वास थांबतो. पुष्कळ मृत्यू असेच होतात.

सोल्युशनची गोष्ट निराळी आहे. टोल्युइन चरबीत सहज विरघळते आणि मेंदूत चरबी भरपूर असते. फुप्फुसातून ते काही क्षणांत मेंदूत पोचते. दीर्घकाळ हुंगल्यास मज्जातंतूंवरील आवरण खराब होते, चाल बिघडते, स्मरण कमी होते. शिवाय त्याच्या प्रभावाखाली हृदय इतके हळवे होते की अचानक दचकल्यानेही ते बंद पडू शकते. हे पहिल्याच वेळी घडू शकते. आमच्या शाळेत त्या मुलाला पकडताना दोघा-तिघांनी आरडाओरडा करून त्याचा पाठलाग केला होता. आम्ही काय धोका पत्करला होता, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

पिंजरा आणि वर्ग

आता मनाकडे येऊ. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार करणे, थांबणे, परिणाम पाहणे ही कामे करतो. तो पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. सुखाची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मात्र त्याच्या आधीच जोरात असते. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी गाडीचे इंजिन तयार, पण ब्रेक अजून बसवले जात आहेत! या वयात लागलेली सवय खोल जाते, ती याचमुळे.

तरीही हाताला लागेल ते घेणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागत नाही. असे का? व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे पुष्कळ सैनिक हेरॉइन घेऊ लागले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने 1971 साली परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. सुमारे पाचांतील एक जण तेथे व्यसनी झाला होता. देश धास्तावला. पण घरी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, त्या व्यसनी झालेल्यांपैकी सुमारे 5 टक्केच पुन्हा व्यसनात सापडले. भोवतालचे जग बदलले होते. युद्ध मागे राहिले होते, घरचे लोक होते, काम होते.

त्याच दशकाच्या अखेरीस कॅनडात अलेक्झांडर यांनी उंदरांवर प्रयोग केला. अरुंद पिंजऱ्यात एकटे ठेवलेले उंदीर मॉर्फिनचे पाणी अधिक पीत. खेळायला जागा आणि सोबतीला इतर उंदीर असले, की ते कमी पीत. नंतर इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायला हवे. विज्ञानात एका प्रयोगावर इमारत उभारत नाहीत. पण एकटेपणा व्यसनाला खतपाणी घालतो, ही गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवाची आहे.

आता बाळागोळी आठवा. घेणाऱ्याच्या मुळाशी काहीतरी गरज असते. आमच्या त्या विद्यार्थ्याला मी नंतर एकदा विचारले होते, "काऊन घेतो रे?" तो म्हणाला, "सर, मग भूक नाही लागत." दुपारच्या शाळेला तो रोज उपाशी येत होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते! दाखला देऊन आम्ही त्याची भूक मिटवली नाही. वर्ग, मित्र, प्रयोगशाळा आणि सकाळी उठून कुठेतरी जाण्याचे कारण, एवढे मात्र काढून घेतले. मोकळ्या वर्गातून उचलून त्याला एकट्याच्या पिंजऱ्यात ठेवले.

मग शिस्तीचे काय?

माझे काही शिक्षक मित्र विचारतील, एकासाठी चाळीस मुलांना धोका का पत्करायचा? प्रश्न रास्त आहे. पण दाखला दिलेला मुलगा नागपूर सोडून जात नाही. तो त्याच मोहल्ल्यात राहतो, दिवसभर मोकळा असतो आणि शाळा सुटली की तीच चाळीस मुले त्याला भेटतात. फरक एवढाच की आता त्याच्यावर कोणाचे लक्ष नसते. शिवाय शिक्षा पाहून बाकीची मुले एकच धडा शिकतात. तो म्हणजे, काही झाले तरी सरांना सांगायचे नाही.

कठोर व्हायचेच असेल तर जरूर व्हावे, पण योग्य ठिकाणी. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विकणाऱ्याबद्दल पोलिसांना कळवणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र कायदाही आमच्यापेक्षा समंजस आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण दिले आहे. जो कायदा सर्वांत कडक म्हणून ओळखला जातो, तो उपचाराचे दार उघडे ठेवतो, आणि शाळा ते बंद करते, हे कसे?

उपचाराने माणसे बरी होतात, हे महाराष्ट्राला नवीन नाही. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांना पाहून डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्याला पाठबळ दिले. तेथून बाहेर पडलेली कितीतरी माणसे आज स्वतः इतरांना आधार देत आहेत. काही पुन्हा घसरतात, पुन्हा येतात. मधुमेहाचा रोगी एकदा पथ्य मोडतो म्हणून आपण त्याला दवाखान्यातून हाकलत नाही. येथेही तेच.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनो, विज्ञानाच्या तासाला औषधाची रिकामी पट्टी वर्गात आणा. वेष्टनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. त्याआधी लाल 'एन' असेल तर ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. 2014 पासून काही औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. हे मुलांना समजले, तर भित्तिपत्रकावरच्या कवटीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

विद्यार्थी मित्रहो, घरातला औषधांचा डबा उघडून आईबाबांबरोबर तपासा. आजोबांची झोपेची गोळी, उरलेले खोकल्याचे औषध उघड्यावर पडू देऊ नका. आणि मित्र अडचणीत असेल तर त्याचे गुपित जपण्यापेक्षा त्याचा जीव जपा. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. ही चहाडी नव्हे. कोणी गुंगीत पडलेला दिसला, श्वास मंद असेल, तर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका आणि 108 वर फोन करा. हुंगणाऱ्याच्या अंगावर ओरडत धावू नका.

त्या आईचा प्रश्न अजून बाकी आहे. "याला कुठं नेऊ?" आज मी तिला सांगू शकलो असतो. नागपुरातच मेडिकल आणि मेयो येथे मनोविकार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी 14416 आणि मुलांसाठी 1098 हे दूरध्वनी क्रमांक आहेत. हे सगळे तिच्या हातातल्या दाखल्याच्या मागे लिहून देता आले असते. खरे तर दाखला न देता साध्या कागदावर लिहून द्यायला हवे होते, आणि खाली एक ओळ आणखी हवी होती: 'सोमवारी त्याला शाळेत पाठवा. प्रयोगशाळेत त्याची वाट पाहतो.'

ती ओळ मी लिहिली नाही. तुमच्या शाळेत अशी वेळ आली, तर ती कोणीतरी लिहावी, एवढ्यासाठी हा लेख.